पुतळी आजीच्या मुठीतला पेनड्राइव्ह

मित्रांनो, मला पाहून कुणाला वाटणार नाही की मी म्हातारा झालो आहे. बोटाच्या पेराएवढं माझं अंग. त्यावरचा निळा रंग उडाला आहे, टोपण हरवलं आहे आणि एका कडेला चिखलाचा डाग आहे. तो कितीही पुसला तरी जात नाही. आमच्या जातीत पाच-सहा वर्षं म्हणजे भरपूर आयुष्य झालं. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे आणि तो डाग मला कुठे लागला, हे सांगायला आज बसलो आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा माझं पोट रिकामं होतं, आणि रिकाम्या पोटात आठवणी कुठून असणार? मला शुद्ध आली ती रोह्याच्या बाजारपेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानात. तिथे मी कंपासपेट्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलेला होतो. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा घ्या, याला दोन तोंडं हायेत. एक मोबाइल-टॅबलेटला लागतं, दुसरं टीव्हीला नाय तर कॉम्प्युटरला." माणसांमध्ये कुणाला दुतोंडी म्हटलं तर तो भांडायला उठेल. मला मात्र त्याच गुणामुळे घर मिळालं.

मला घेतलं ते किमयाने. ती तेव्हा पाचवीत होती. शाळा बंद होत्या, म्हणून तिच्या बाबांनी, म्हणजे साहिलने, तिला अभ्यासासाठी एक टॅबलेट घेऊन दिला होता. साहिल रोह्याच्या एका कंपनीत कामाला आणि घर जवळच वरशाला. पण त्या काळात किमया आणि तिची आई अनिता पेणजवळच्या वढावला, आजोबांकडे जाऊन राहिल्या होत्या. किमयाचा अभ्यास कितपत झाला देव जाणे. दिवसभर टॅबलेट घेऊन ती कान्हू आजोबांच्या मागे फिरायची आणि त्यांचे व्हिडिओ काढायची. आजोबा मिठागरात काम करायचे. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढताना, बांधावर बसून विडी ओढताना, पुतळी आजीशी वाद घालताना, सगळं तिने टिपलं. शेवटी टॅबलेटने हात टेकले. जागा संपली, असं तो सारखा सांगू लागला. म्हणून रोह्याला परतल्यावर मला आणण्यात आलं.

किमयाने ते सगळे व्हिडिओ माझ्यात भरले आणि टॅबलेटमधून पुसून टाकले. आता ते जगात फक्त माझ्याकडे होते. त्या दिवशी मला मोठा अभिमान वाटला. एकट्याकडे एखादी गोष्ट असणं किती धोक्याचं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढची दोन वर्षं मी कपाटातच पडून होतो. मग एका पावसाळ्यात कान्हू आजोबा गेले. त्यानंतर पुतळी आजी हळूहळू विसरू लागली. आधी चुलीवरचं विसरायची, मग वार विसरू लागली, मग आपला नवरा गेला आहे हेच विसरली. तिला वढावला एकटं कसं ठेवणार? साहिल आणि अनिता तिला वरशाला घेऊन आले. पण बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमेना. "मना घरा जावाचा हाय," एवढंच ती दिवसभर म्हणायची. म्हणून दर महिन्याला अनिता तिला चार दिवस वढावला नेऊन आणायची.

तो प्रवास म्हणजे परीक्षाच असायची. एसटीचं दार बंद झालं की आजी घाबरायची. समोरचा दांडा घट्ट धरून ओरडायची, "मना उतरव गो, गाडी थांबव." लोक वळून बघायचे. कुणी हळहळायचं, कुणी तोंड फिरवायचं. एकदा तर नागोठण्याजवळ चालत्या गाडीत ती दाराकडे गेली. कंडक्टरने झटकन हात धरला म्हणून बरं.

त्या दिवशी घरी आल्यावर किमयाने कपाटातून मला काढलं. "आई, गाडीत आजीला आजोबांचे व्हिडिओ दाखव ना."

"मोबाइलवर कसं दिसायचं तिला?" अनिता म्हणाली. "आणि मध्ये रेंज जाते."

"टॅबलेटवर दाखव. त्यात जागा नाय, पण हा पेनड्राइव्ह लावला की सगळे याच्यातूनच चालतात. रेंज लागतच नाय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले खरे दिवस तिथून सुरू झाले. पुढच्या फेरीला अनिताने टॅबलेट आजीच्या मांडीवर ठेवला आणि मला त्याच्या बारीक खोबणीत बसवलं. पडद्यावर मिठागर उजळलं. पांढरे ढीग, वाऱ्याचा आवाज आणि कमरेत वाकून मीठ ओढणारे कान्हू आजोबा. आजीचा दांड्यावरचा हात सुटला. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ती पडद्याकडे बघत बसली, ती रोहा येईपर्यंत. मग प्रत्येक फेरीला हेच झालं. नेहमीचा कंडक्टर म्हणायचा, "आजींचं थेटर चालू झालं का?" आणि मला वाटायचं, या गाडीतलं सगळ्यात मोलाचं सामान मीच आहे.

पण कौतुक झालं म्हणून काळजी घेतली जाते असं नाही. उतरायची घाई असली की अनिता मला तसंच ओढून काढायची आणि पर्समध्ये टाकायची. तिथे मी केसांच्या पिना, सुटी नाणी आणि बडीशेपेच्या पुडीबरोबर धडपडत राहायचो. किमया कितीदा म्हणाली, "आई, काढायच्या आधी टॅबलेटला सांगायचं असतं. आणि एकदा माझ्याकडे दे, हे सगळं दुसरीकडे पण ठेवते."

"देते गो, पुढच्या आठवड्यात," अनिता म्हणायची. तिची तरी काय चूक? घर, स्वयंपाक, शिलाईची कामं आणि पोरासारखी झालेली सासू. तो आठवडा कधी आलाच नाही.

आणि मग तो दिवस आला.

पौष महिना होता. दुपारची वेळ. अनिता आणि आजी वढावहून परत निघाल्या होत्या. शेजारच्या बायजाबाईने प्रेमाने तांदळाची जड पिशवी बरोबर दिली होती. पेणला रोह्याची गाडी मिळाली, वडखळ मागे पडलं आणि गडब जवळ आल्यावर गाडीने दोन आचके दिले. ड्रायव्हरने ती कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली. बोनेटमधून धूर येत होता.

"गाडी पुढं जाणार नाय," कंडक्टर म्हणाला. "मागून दुसरी येतेय. तिच्यात सगळ्यांना बसवतो."

दुसरी गाडी आली तीच अर्धी भरलेली. एकच झुंबड उडाली. अनिताने आजीला पुढे घालून कसंबसं वर चढवलं आणि खिडकीची जागा धरली. आजीचे डोळे भिरभिरत होते. अनिताने घाईघाईने टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला, मला लावलं आणि मिठागराचा व्हिडिओ सुरू केला.

"आई, इथून हलू नका. ती पिशवी तिकडंच राहिलीय. आणते नि आलेच."

"व्हय गो," आजी म्हणाली. तिचं लक्ष पडद्याकडे होतं.

तो व्हिडिओ मला पाठ होता. आजोबा मीठ ओढतात, घाम पुसतात, मग फळी खांद्यावर टाकून कॅमेऱ्याच्या पलीकडे बघतात. तिकडे आजी उभी असते. ते तिला म्हणतात, "चल गो, भरती यायला लागली. घरा जाव." आणि चालत चालत पडद्याबाहेर जातात. तिथे व्हिडिओ संपतो. एरवी तो संपला की अनिता लगेच बोट लावून पुन्हा सुरू करायची, त्यामुळे आजोबा गेल्याचं आजीला कळायचंही नाही. आज ते बोट नव्हतं.

आजोबा चालत गेले. पडदा काळा झाला.

आजी क्षणभर बघत राहिली. मग तिने काचेवर टकटक केलं. "अवो," ती हळूच म्हणाली. "कुठं चाललाव?" तिने टॅबलेट उलटा करून मागे पाहिलं. आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. हे निळं काहीतरी लावलं की ते येतात, एवढं तिला इतक्या फेऱ्यांमधून कळलं असावं. तिने मला चिमटीत धरलं आणि हिसडा दिला. टॅबलेट त्या वेळी माझ्यातून पुढचा व्हिडिओ शोधत होता. वाचता वाचता पुस्तकाचं पान टर्रकन फाटावं, तसं माझ्या आत काहीतरी फाटलं.

तिने मला मुठीत घेतलं आणि ती उठली. चढणाऱ्या लोकांनी तिला वाट करून दिली. म्हातारी उतरतेय, तिचं गाव आलं असेल, असंच कुणालाही वाटलं असणार.

त्यापुढचं मी काहीही पाहिलं नाही मित्रांनो. मी फक्त मुठीच्या अंधारात होतो. मला ऐकू येत होतं आणि तिच्या तळहाताची धडधड कळत होती. आधी मोठमोठे हॉर्न. हा मुंबई-गोव्याचा रस्ता, तिथे ट्रकला दम कुठला! एक ब्रेक इतक्या जवळ किंचाळला की मूठ आणखी आवळली गेली. कुणीतरी ओरडलं, "मरायचं हाय का म्हातारे?" आजी थांबली नाही. हळूहळू गाड्यांचा आवाज मागे राहिला. पायाखालची खडी संपून माती लागली असावी, कारण तिची पावलं वाजेनाशी झाली. वारा आला आणि त्याबरोबर खाऱ्या पाण्याचा वास. त्या वासावर ती चालू लागली. गडबच्या पश्चिमेलाही खाडी आहे, बांध आहेत, खारी जमीन आहे. अगदी वढावसारखी.

"आले, आले," ती म्हणत होती. "भरती यायला लागली. थांबा वाईच."

आणि भरती खरंच यायला लागली होती. पाण्याचा बुडबुड आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. बांधाला पाणी आत-बाहेर सोडायची जी दारं असतात, त्यांना इकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीजवळ आजीचा पाय घसरला. थंडगार चिखल मुठीत शिरला, माझ्या दोन्ही तोंडांत गेला. मी ओरडलो असतो, पण आम्हाला आवाज नसतो. आमच्यातला आवाज दुसऱ्यांचा असतो.

आजी उठायला बघत होती आणि अधिकच रुतत होती. तिच्या धापा जड झाल्या. "अवो," तिने हाक मारली. पुन्हा मारली. पाणी वर येत होतं. मला वाटलं, संपलं आता. आजी जाणार, तिच्याबरोबर मी जाणार आणि माझ्याबरोबर कान्हू आजोबा दुसऱ्यांदा जाणार.

तेवढ्यात वरून एका बाईचा आवाज आला. "आजी, हलू नका. जेवढं हलाल तेवढं आत जाल."

ती रंभा होती. ती कोण नि तिने काय काय केलं, हे मला नंतर टपरीवरच्या बोलण्यातून कळलं. हायवेच्या कडेला तिची आणि तिच्या नवऱ्याची, मोरूची, चहा-वड्याची टपरी आहे. बांधालगतच्या तुकड्यात त्यांचा वाल होता, म्हणून ती शेंगा काढायला आणि बकरीला चारा न्यायला आली होती. तिने डोक्यावरचा गवताचा भारा चिखलावर टाकला आणि त्यावर पालथी पडून हात पुढे केला.

"दोन्ही हात द्या आजी."

आजीने एकच हात दिला.

"दुसरा पण द्या. मूठ सोडा ती."

"नाय."

"अवो, पाणी चढतंय. काय हाय त्या मुठीत? टाका."

"नाय टाकायची. ह्यात ते हायेत."

रंभा जरा पुढे सरकली असावी, गवत करकरलं. मग म्हणाली, "बरं. नका टाकू. हा एकच हात द्या, पण जीव लावून धरा."

ओढताना रंभाच्या तोंडून कण्हणं निघत होतं. एकदा हात निसटला. चिखलाने आजीला परत खाली ओढलं. रंभाने पदर सोडून आजीच्या दंडाला गाठ मारली आणि पुन्हा जोर लावला. शेवटी चिखलातून फसकन आवाज आला आणि आम्ही गवतावर येऊन पडलो. नुसता श्वासांचा आवाज.

तिकडे अनिताचं काय झालं, ते मला मागाहून समजलं. ती पिशवी घेऊन गाडीत आली, तर जागेवर नुसता टॅबलेट. तिने गाडी डोक्यावर घेतली. खाली उतरून धावत सुटली. जो भेटेल त्याला विचारलं. एक माणूस म्हणाला, "हिरव्या लुगड्यातली म्हातारी ना? ती आत्ता पेणकडच्या टेम्पोत बसली." ती दुसरीच कुणीतरी होती. पण बुडत्याला काडीचा आधार. अनिता मिळेल त्या रिक्षाने पेणला गेली. एसटी स्टँडचा एकेक बाक, बाहेरच्या फळवाल्यांच्या गाड्या, सगळं तिने पालथं घातलं. साहिलला फोन लावला, तर तो वाजत राहिला. कंपनीत शिफ्टला जाताना फोन गेटवरच ठेवावा लागतो. तिला वाटत होतं, आता नवऱ्याला काय तोंड दाखवू.

टपरीवर रंभाने आजीचे पाय धुतले, स्वतःचं कोरडं लुगडं नेसवलं आणि गरम चहा दिला. आजी थरथरत होती. नाव विचारलं तर म्हणे, "पुतळी." गाव विचारलं तर म्हणे, "खाडीवर." मुलाचं नाव आठवेना. आडनाव तर नाहीच.

"पोलिसांना कळवूया," मोरू म्हणाला.

"कळव. पण आदी तिच्या मुठीत काय हाय ते बघू. त्यापायी बुडत होती ती." रंभा आजीजवळ बसली. "आजी, ते मुठीत कोंडून राहिलेत. त्यांना वाईच वारा लागू दे की. मी नेणार नाय. तुमच्या डोळ्यांसमोर ठेवते."

आजीने मूठ मांडीवर ठेवली. मग एकेक बोट उघडलं.

"हा तर पेनड्राइव्ह हाय," मोरू म्हणाला. टपरीत गिऱ्हाइकांसाठी एक टीव्ही होता. त्यावर सकाळ-संध्याकाळ भजनं लावायला त्याच्याकडेही एक पेनड्राइव्ह होता, म्हणून त्याला लगेच ओळख पटली. त्याने मला झटकलं, फडक्याने पुसलं, फुंकर मारली, तोंडातला चिखल कापूस लावलेल्या काडीने हळूहळू काढला. लगेच लावायची घाई त्याने केली नाही. भट्टीपासून लांब, वाऱ्यावर मला ठेवून दिलं. रंभा अस्वस्थ होऊन सारखी रस्त्याकडे बघत होती. "लाव की आता."

"ओला लावला तर जळल. मग काहीच हाती लागणार नाय."

मित्रांनो, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

बऱ्याच वेळाने त्याने मला टीव्हीच्या मागे लावलं. पडद्यावर नावं आली. मोरूने पहिल्यावर बटण दाबलं. 'फाईल चालत नाही.' दुसऱ्यावर दाबलं. तेच. मी आतून सगळं बळ लावत होतो. माझ्या पोटात आजोबा होते, मला ते जाणवत होते, पण त्यांच्यापर्यंत जाणारी वाट तुटलेली होती. तिसरी फाईल. चौथी. मोरूने मान हलवली.

"राहू दे," तो म्हणाला. "पोलिसांनाच लावतो फोन."

"ती खालची बाकी हाय," रंभा म्हणाली.

ती सगळ्यात शेवटची, छोटीशी. किमयाच्या हातून चुकून निघालेली. त्यात धड काही दिसतही नाही. टॅबलेट वाकडा धरलेला, अंगण तिरपं झालेलं, एक कोंबडी पळते आणि तिच्यामागे एक जाडशी बाई हातात टोपली घेऊन धावते. मोरूने बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग एकदम तिरपं अंगण उमटलं, कोंबडीचा कलकलाट टपरीभर झाला आणि त्याच्यावरून कान्हू आजोबांचा आवाज आला, खणखणीत.

"बायजे, सोड तिला. आता ती वढावची वेस ओलांडल्याबिगर थांबायची नाय."

आजी ताडकन उठून बसली. "बायजा," ती पडद्याकडे बोट करून म्हणाली. "ही बायजा. माज्या शेजारची."

"वढाव," मोरू म्हणाला. त्याने फोन आधीच हातात घेतला होता. "माझी मावसबहीण वढावलाच दिलीय." 

बहिणीने फोन हातात धरूनच बायजाबाईचं घर गाठलं. बायजाबाईकडे अनिताचा नंबर होता. फोन गेला तेव्हा अनिता पेणच्या स्टँडवर, पोलीस चौकीच्या पायरीवर उभी होती.

ती टपरीवर पोहोचली तेव्हा उन्हं कलली होती. रिक्षा नीट थांबायच्या आतच तिने उडी टाकली. आजी बाकावर बसून रंभाबरोबर वालाच्या शेंगा सोलत होती. अनिता समोर जाऊन उभी राहिली.

"कुठं गेलेलीस गो?" आजीने विचारलं. "मी कवाची वाट बघतेय."

अनिता तिथेच खाली बसली. आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि किती वेळ रडत राहिली. आजी शेंगांचा हात पुसून तिच्या केसांवरून फिरवत होती. रंभा आत जाऊन उगाचच भांडी घासू लागली.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. पण मला अजून एका गोष्टीची भीती होती, आणि ती खरी ठरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किमयाने मला टॅबलेटला लावलं. मग शेजारच्यांच्या कॉम्प्युटरला. मग रोह्याच्या एका दुकानात नेऊन दाखवलं. दुकानदाराने प्रयत्न केले. काही फोटो निघाले, कोंबडीचा व्हिडिओ निघाला, आजोबांचे बांधावरचे दोन-तीन तुकडे निघाले. मिठागराचा व्हिडिओ निघाला नाही. तो हिसड्याने गेला की चिखलाने, कुणाला सांगता येईना.

घरी येऊन किमयाने ते सांगितलं. साहिल भिंतीला टेकून नुसता बसला. त्याने बापाला मीठ ओढताना पाहिलेलं ते शेवटचं चित्र होतं. अनिता म्हणाली, "तू मला कितीदा सांगितलेलंस गो." बोलून आता काय होणार होतं?

आणि त्याच वेळी आजीने टॅबलेटकडे हात केला. "लाव गो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. साहिल म्हणाला, "आय, चार्जिंग नाय त्याला." अनिताने त्याला हाताने थांबवलं. ती आजीजवळ जमिनीवर बसली.

"आई, ते मोडलं. मिठागरातले ते आता नाय दिसायचे. माझ्या हलगर्जीपणानं झालं."

आजी ओरडेल, दाराकडे धावेल, असं सगळ्यांना वाटत होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "लगीन करून आले तवा मना उधाणाचा लय भ्या वाटायचा."

"मग?" अनिताने विचारलं.

"आमचा घर बांधाच्या कडंला. बांध फुटला का सगला जाणार. उधाण आला का ते कंदील घेवून बांधावर जायचे, नि मी दारात बसायची. डोल्याला डोला नाय. मग लांबून हाक यायची. पुतले, बांध हाय गो." आजी थांबली. "ती हाक आली का मी आत जावून निजायची."

किमयाने टॅबलेट उचलला. अनिता हळूच म्हणाली, "थांब. आधी ऐक." किमयाने तो मांडीवर ठेवला आणि ती आजीच्या जवळ सरकली. साहिलही येऊन बसला. त्याने ही गोष्ट जन्मात कधी ऐकली नव्हती.

आजी बोलत राहिली. बांधाबद्दल, कंदिलाबद्दल, एका वर्षी बांध फुटला आणि दोघं रात्रभर माळ्यावर बसून राहिली त्याबद्दल. बऱ्याच वेळाने अनिताने विचारलं, "आई, आता हे किमयानं टिपून घेतलं तर चालेल?"

"घेव दे की," आजी म्हणाली.

तो व्हिडिओ आज माझ्यात आहे. माझ्यात आहे, किमयाच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, साहिलच्या फोनमध्ये आहे आणि वढावला बायजाबाईच्या मुलाकडेही आहे. आता प्रवासात आजी तोच बघते. स्वतःलाच बघते आणि मध्येच म्हणते, "बरोबर सांगते ही बाय." गाडीत अनिता तिचा हात धरून बसते. उतरताना ती टॅबलेटला आधी सांगते, मग मला अलगद काढते आणि एका कापडी डबीत ठेवते. जागा मात्र ती आता एका क्षणासाठीही सोडत नाही, पिशवी राहिली तरी राहू दे.

मित्रांनो, आमच्यासारख्या लहान वस्तूंवर तुम्ही फार मोठी ओझी टाकता. टाका, आमची ना नाही. पण आम्हाला हिसडे देऊ नका, पाण्यापासून जपा आणि मोलाचं जे असेल ते एकट्या आमच्या भरवशावर सोडू नका. आम्ही कधीतरी मोडणारच आहोत. आणि आणखी एक. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस खिडकीशी गप्प बसलेलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. माझ्या पोटात अजून पुष्कळ जागा रिकामी आहे.